आपण मिरासदार की उपरी?

पेशवाईतल्या आपल्या गावगाड्यात जमीन कसणारे शेतकरी मुख्यतः दोन तऱ्हेचे असत. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सरकारधारा भरीत असे तोवर त्याला तिच्यावरून सहसा कोणी उठवीत नसे. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई, मुलाबाळांच्या हाती देता येई. दुष्काळात गाव सोडून गेलेला मिरासदार वर्षांनी परत आला, तरी 'माझी मिरास मला द्या' असे त्याला चार लोकांत उभे राहून म्हणता येई. उपऱ्याचे तसे नव्हते. तो बहुधा परगावाहून आलेला. त्याचा करार वर्षाचा किंवा थोड्या वर्षांचा. पीक त्याच्या घामाचे, पण जमीन त्याची नव्हे. मुदत संपली की पुढच्या साली तिथे कोणाचा नांगर फिरेल, हे ठरविणारा दुसराच कोणी असे.

आता, उपऱ्याचे सगळेच वाईट होते असे मात्र समजू नका. तो मोकळा होता. धारा परवडला नाही तर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जायला त्याला कोणाची आडकाठी नसे. शिवाय पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून नव्या माणसाला कौल मिळे. पहिल्या वर्षी अगदी हलका धारा, पुढच्या वर्षी थोडा अधिक, असे करीत काही वर्षांनी पुरा धारा. ह्या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. सुरुवातीला सगळे गोड, आणि माणूस रुजला की आकार वाढत जायचा!

ही जुनी जोडी आज आठवायचे कारण एका अगदी नव्या बाबतीत आहे. पुष्कळ घरांत आता हातातल्या फोनवर किंवा भिंतीवरच्या टीव्हीवर इंटरनेटमधून चित्रपट आणि मालिका येतात. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरावेत, आणि हवे ते हवे तेव्हा पाहावे. ह्याला स्ट्रीमिंग म्हणतात. चित्र प्रवाहासारखे वाहत येते आणि वाहून जाते. घरात काही उरत नाही. ह्याच्या अगोदरची रीत तबकडीची. डीव्हीडी किंवा ब्लू-रे नावाची बारा सेंटिमीटर व्यासाची चकती दुकानातून एकदा विकत आणायची, कपाटात ठेवायची, आणि मनाला येईल तेव्हा यंत्रात घालून पाहायची. पहिल्या रीतीत आपण उपरी आहोत आणि दुसरीत मिरासदार. कोणती रीत केव्हा बरी, याचा विचार इतिहासाच्या आधाराने करावा, एवढाच आजचा हेतू आहे.

उदाहरणासाठी मी विज्ञानकथांच्या मालिका निवडल्या आहेत. अंतराळयाने, परग्रहावरचे जीव, काळाच्या पुढेमागे जाणारी यंत्रे अशा गोष्टींच्या ह्या मालिका. कोणी म्हणेल, हा पोरखेळ इतिहासाच्या प्राध्यापकाने कशाला हाताळावा? त्याला कारण आहे. चित्रमालिका कशा हरवतात आणि कशा परत सापडतात, याची सर्वांत नीट लिहून ठेवलेली कहाणी एका विज्ञानमालिकेचीच आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी भाड्याचा प्रश्न जरा उलगडून घेऊ.

भाडे म्हटले की ते वाईटच, असे नसते. ठाण्याच्या वागळे इस्टेटकडे पाहा. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरातली माणसे पोटासाठी तिथे गेली असतील. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, आणि तिचा छोटासा समारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली ह्याच वागळे इस्टेटमध्ये झाला. पुढे ह्या महामंडळाने राज्यभर औद्योगिक वसाहती उभ्या केल्या. महामंडळाचा भूखंड कारखानदाराला मिळतो तो बहुधा भाडेपट्ट्याने, आणि त्या पट्ट्याची मुदत साधारणपणे ९५ वर्षांची असते. म्हणजे तोही मालक नव्हे. पण त्याच्या हातात नोंदणी केलेला कागद असतो. मुदत लिहिलेली, अटी लिहिलेल्या. आणि त्या जागेत तो जो लेथ बसवितो, तो लेथ त्याचा स्वतःचा असतो. वागळे इस्टेटमध्ये काही कारखाने गेले, काही शेडच्या जागी काचेच्या इमारती आणि संगणकाची कार्यालये आली. पण आपल्या मालकीचे यंत्र ज्याचे होते, त्याला ते उचलून दुसरीकडे नेता आले.

आता त्याच वस्तीत खोली करून राहणारा कामगार घ्या. तो खानावळीत महिन्याचे पैसे भरतो. ताट वेळेवर मिळते, चूल पेटवायचा त्रास नाही. पण उद्या भाजी कोणती हे खानावळवाला ठरवितो. पुरणपोळी परवा होती म्हणून आज मागता येत नाही. आणि दहा वर्षे पैसे भरले तरी खानावळीतली एक वाटीही आपली होत नाही. स्ट्रीमिंगचा व्यवहार हा ९५ वर्षांच्या पट्ट्यासारखा नाही, तो खानावळीसारखा आहे. आज दिसणारी मालिका पुढच्या महिन्यात दिसेलच, असे वचन ते देत नाहीत. कारण पुष्कळदा ती मालिका त्यांचीही नसते. निर्मात्याकडून त्यांनी ती ठरावीक मुदतीपुरती घेतलेली असते. मुदत सरली की ताटातला पदार्थ नाहीसा. म्हणजे आपण उपऱ्याचेही उपरी!

ह्यावर तुम्ही म्हणाल, गेली तर गेली एक मालिका. दुसऱ्या शंभर आहेत. इथेच इतिहासाकडे पाहावे लागते. चित्र नाहीसे होणे ही भीती काल्पनिक नाही. आपल्या घरातच ती घडून गेली आहे.

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' हा मूकपट. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावलेला आणि शहरात मजुरीला गेलेला शेतकरी हा त्याचा विषय. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. देवादिकांच्या कथांची चलती असलेल्या काळात शेतकऱ्याचे खरे दुःख पडद्यावर आणणारे हे चित्र. आज ते कुठे पाहायला मिळेल? कुठेच नाही. त्या मूकपटाची प्रत शिल्लक नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला. गर्दी आवरेना इतके लोक जमले होते. त्याचीही प्रत आज नाही. त्या चित्रपटाचे फोटो आणि जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत. मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रे निघाली. त्यांतली आज पाहता येतील अशी फारच थोडी राहिली.

हे असे का झाले? एक कारण फितीचे. त्या काळची नायट्रेटची फीत अतिशय ज्वालाग्राही. ती जुनी झाली की चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. दुसरे कारण पैशाचे. फितीत चांदीचा अंश असतो. चित्राचा धंदा संपला की फीत वितळवून चांदी काढणे हेच फायद्याचे ठरे. तिसरे कारण सर्वांत मोठे. प्रती मोजक्याच असत, आणि त्या सगळ्या धंदेवाल्यांच्याच हाती असत. लाखो लोकांनी चित्र पाहिले, पण त्यांच्यापैकी एकाच्याही घरी त्याची प्रत नव्हती. पाहणारे सगळे उपरी होते.

पुढे १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तिथले पी. के. नायर यांनी जुन्या फिती हुडकण्यात आपले आयुष्य घातले. दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' हा १९१९ सालचा मूकपट. त्यात कृष्णाचे काम फाळक्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने केले होते. हे चित्र आज आपण पाहू शकतो, कारण फाळक्यांच्या घरच्यांकडे रिळे उरली होती. वि. का. राजवाडे गावोगाव वाड्यांतली दप्तरे धुंडाळीत हिंडले, आणि १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. नायरांचे काम मला त्याच जातीचे वाटते. पण संग्रहालय झाले म्हणजे काम संपले असेही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी मोलाच्या फिती जळून गेल्या. धान्य एकाच कणगीत ठेवले की उंदीर लागला तरी सगळे जाते आणि आग लागली तरी सगळे जाते, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

आता ती विज्ञानमालिकेची कहाणी. विलायतेत बीबीसी ह्या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' नावाची मालिका टीव्हीवर सुरू केली. निळ्या रंगाच्या पोलिस-चौकीसारख्या पेटीत बसून काळातून आणि अवकाशातून फिरणारा एक विलक्षण प्रवासी हा तिचा नायक. दर शनिवारी मुले हातातले काम टाकून ती पाहायला बसत. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले. त्या काळी मालिका ज्या रुंद चुंबकीय फितीवर मुद्रित होई, ती फीत फार महाग. एकदा दाखविलेला कार्यक्रम पुन्हा दाखवायचा तर नटांच्या संघटनेशी केलेल्या करारांमुळे तेही सोपे नव्हते. रंगीत टीव्ही आल्यावर काळ्यापांढऱ्या चित्रांना कोण विचारतो, असेही वाटू लागले. तेव्हा कारभाऱ्यांनी त्या फिती पुसून नव्या कार्यक्रमांसाठी वापरायला घेतल्या. परदेशांना विकण्यासाठी फिल्मवर उतरविलेल्या प्रतीही पुढे नष्ट केल्या गेल्या. हा प्रकार १९७८ च्या सुमारास थांबला. हिशेब केला तेव्हा पहिल्या सहा वर्षांतले शंभराहून अधिक भाग नाहीसे झाले होते.

मित्रहो, हे काम कोणा दुष्टाने केले नाही. काटकसरी, सरळमार्गी कारभाऱ्यांनी केले. जागा कमी, फीत महाग, आणि ह्या पोरखेळाची पुढे कोणाला गरज पडणार? त्यांच्या दृष्टीने त्यांचे चुकले नव्हते. म्हणून तर मला ही कहाणी महत्त्वाची वाटते. वस्तू एकाच मालकाच्या ताब्यात असली की ती टिकणे न टिकणे त्याच्या त्या दिवसाच्या हिशेबावर ठरते.

मग काय झालं? शोध सुरू झाला. १९८३ साली लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात दोन भाग सापडले. १९९० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत एका सबंध कथेचे चार भाग हाँगकाँगहून परत आले. २०१३ साली बातमी आली की आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात, जोस नावाच्या गावच्या टीव्ही केंद्रात, नऊ हरवलेले भाग मिळाले. जे मायदेशी पुसले गेले, ते परमुलखात धूळ खात का होईना शिल्लक राहिले होते. एका गावचे बियाणे बुडाले तर नात्यातल्या दुसऱ्या गावाहून मूठभर आणून पुन्हा पेरता येते, तसाच हा प्रकार.

आणि ह्याहूनही नवलाची गोष्ट पुढेच आहे. नव्वदाहून अधिक भागांचे चित्र अद्याप मिळालेले नाही. परंतु हरवलेल्या एकूण एक भागाचा आवाज मात्र आज ऐकता येतो. कसा? त्या काळी काही घरांतून टेपरेकॉर्डर होते. मालिका चालू असताना मुलांनी आणि तरुणांनी टीव्हीपुढे मायक्रोफोन धरून ती आपापल्या घरी ध्वनिमुद्रित केली होती. कोणी त्यांना सांगितले नव्हते. त्यांना ती पुन्हा ऐकायची होती, एवढेच. मोठ्या संस्थेच्या भांडारात जे राहिले नाही, ते ह्या पोरांच्या खोक्यांत राहिले. त्याच आवाजावर पुढे काही भागांची चलत्‌चित्रे नव्याने रेखाटून ते पुन्हा पाहण्याजोगे करण्यात आले.

ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटू नये. तुकाराम महाराजांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि त्या तरल्या, असे वारकऱ्यांची श्रद्धा सांगते. इतिहास तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगतो. संताजी जगनाड्यांसारख्यांनी अभंग उतरवून घेतले होते, टाळकऱ्यांच्या मुखी ते होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघर त्यांच्या वह्या नकलून घेतल्या जात होत्या. १८६९ साली शासनाच्या साह्याने गाथा छापायची वेळ आली, तेव्हा अशाच वह्या जमवून आणि ताडून पाहून ती सिद्ध झाली. ज्याच्या अनेक घरी प्रती आहेत, त्याला बुडविणे फार अवघड असते.

चित्रांच्या बाबतीत ही सोय सामान्य माणसाला फार उशिरा मिळाली. आपल्याकडे १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, नाक्यानाक्यावर व्हिडिओ लायब्ररी निघाल्या. मग व्हीसीडी, मग डीव्हीडी आणि ब्लू-रे. चित्र पाहणारा प्रथमच प्रतीचा धनी झाला. म्हणजे मिरासदारी मिळून अजून अर्धे शतकही झालेले नाही, आणि इतक्यात आपण ती आपखुषीने सोडून देऊ लागलो आहोत. अमेरिकेतली नेटफ्लिक्स ही कंपनी मुळात टपालाने तबकड्या भाड्याने देत असे. तिने तो धंदा १९९८ मध्ये सुरू केला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. आपल्याही शहरांत तबकड्यांची दुकाने आता शोधावी लागतात.

हे सोडून देण्याची किंमत काय, ते अलीकडच्या तीन घटनांवरून पाहा. 'वेस्टवर्ल्ड' ही यंत्रमानवांची मोठी खर्चिक विज्ञानमालिका. २०१६ ते २०२२ या काळात तिचे चार हंगाम झाले. जिने ती काढली त्याच कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरून ती काढून टाकली. पुढे ती दुसऱ्या सेवांवर गेली हे खरे. पण ज्यांच्याकडे तिच्या तबकड्या होत्या, त्यांना दारोदार पाहत हिंडावे लागले नाही. दुसरी घटना 'क्रेटर' ह्या चित्रपटाची. चंद्रावरच्या वसाहतीत राहणाऱ्या मुलांची ती गोष्ट. डिस्नेच्या सेवेवर तो १२ मे २०२३ रोजी आला आणि ३० जूनला काढून टाकला गेला. अवघे सात आठवडे! चित्र वाईट म्हणून नव्हे. खर्च कमी करण्याच्या धोरणात अशी पुष्कळ चित्रे एकदम काढली गेली. फीत पुसणाऱ्या त्या जुन्या कारभाऱ्यांचाच हा नवा अवतार. तिसरी घटना तर कादंबरीत शोभेल अशी आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने किंडल ह्या वाचनयंत्रावर लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके दुरूनच पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून असे केले, आणि पैसे परतही दिले. पण त्यांतले एक पुस्तक कोणते होते ठाऊक आहे? जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४'. सत्ताधारी जुने कागद जाळून इतिहास बदलतात, हेच त्या पुस्तकात सांगितले आहे.

वस्तू नाहीशी होण्याइतकेच तिच्यात बदल होणेही महत्त्वाचे आहे. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ती दाखविली गेली. २००६ पासून तिच्या जुन्या भागांतली यानांची आणि ग्रहांची चित्रे काढून तिथे संगणकावर केलेली नवी चित्रे बसविण्यात आली. नवी चित्रे सुबक आहेत. पण १९६६ साली प्रतिकृती वापरून कारागिरांनी अवकाश कसे उभे केले, हे ज्याला पाहायचे त्याने काय करावे? २००९ साली निघालेल्या ब्लू-रे तबकड्यांवर दोन्ही रूपे आहेत. पाहणाऱ्याने निवड करावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाठभेद का लागतात, हे शिक्षकांना मी सांगायला नको. दुरून येणाऱ्या प्रवाहात एकच पाठ येतो, आणि तो कधी बदलला ते कळतही नाही.

आता दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा न्याय एकतर्फी होईल. तबकडी महाग पडते. एका मालिकेच्या संचाच्या किमतीत स्ट्रीमिंगचे काही महिने निघतात, आणि तेवढ्यात शेकडो गोष्टी पाहता येतात. जे एकदा पाहून विसरायचे, त्यासाठी तबकडी घेणे म्हणजे एका जेवणासाठी जमीन घेणे. खेड्यात राहणाऱ्या मुलाला जगभरची चित्रे फोनवर दिसतात, हा लाभ लहान नाही. उपऱ्याला कौल मिळत होता तसाच तो आहे. फक्त इस्तावा विसरू नका. पहिला दर स्वस्त असतो, मग तो चढतो, आणि तोवर सवय लागलेली असते. तबकडीला मात्र दुसरा हप्ता नाही, आणि ती पाहायला इंटरनेटही लागत नाही. वीज असली की झाले.

तबकडी अमर आहे असेही कोणी समजू नये. तिच्यावर अगदी सूक्ष्म खाचांची एक लांबच लांब नागमोडी रेघ आतून बाहेर गुंडाळत गेलेली असते. लेसरचा किरण त्या खाचा वाचतो. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीला सुई घासून झीज होई. इथे काहीच टेकत नसल्यामुळे वाजवून झीज होत नाही. पण ओरखडा, ऊन आणि दमट हवा हे तिचे शत्रू. म्हणून तबकडी कडेने धरावी, डब्यात उभी ठेवावी, कोकणात तर कोरड्या कपाटात ठेवावी. कारखान्यात ठशाने छापलेली तबकडी घरी संगणकावर भरलेल्या तबकडीपेक्षा अधिक टिकते, कारण दुसरीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो फिका पडतो. आणखी एक. परदेशातून डीव्हीडी मागविताना तिच्या पाठीवरचा विभागाचा आकडा पाहावा. आपला देश पाचव्या विभागात येतो. दुसऱ्या विभागाची तबकडी आपल्या यंत्रावर चालेलच असे नाही. आणि यंत्र स्वतः बिघडते, तेव्हा चालू स्थितीतले एक जादा यंत्र जपून ठेवणे शहाणपणाचे.

तबकडी आपली झाली म्हणजे त्या चित्राचे हक्क आपले झाले, असाही अर्थ नाही. ती बहुधा घरगुती वापरासाठी विकलेली असते. तिच्या नकला करून वाटणे कायद्यात बसत नाही. शाळेत किंवा वाचनालयात सर्वांना दाखवायची असेल तर हक्कदाराची परवानगी लागते का, हे आधी पाहून घ्यावे. मिरासदारालाही गावचे नियम होतेच.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना थोडे सांगायचे आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि ती पहिली आली. पुढे त्यांच्या विज्ञानकथा पुस्तकरूपाने निघाल्या, आणि गावोगावच्या वाचनालयांत पोचल्या. २०२५ साली नारळीकर गेले. पण एखाद्या मुलाला आज त्या कथा वाचायच्या असतील तर कोणाची परवानगी लागत नाही. कपाटाची किल्ली तेवढी लागते. आता चित्रांकडे पाहा. दूरदर्शनवर १९८९ च्या सुमारास 'इंद्रधनुष' ही मुलांची विज्ञानमालिका लागली, १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' आली. त्या पाहून ज्यांनी रात्री अंगणात उभे राहून तारे मोजले, ती मुले आज चाळिशीत आहेत. आपल्या मुलांना त्या दाखवायच्या म्हटल्या तर त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी प्रत आहे? जी प्रत घरी नाही, ती कोणाच्या तरी भांडारात असेल तर असेल, आणि त्याच्या मर्जीने दिसेल तर दिसेल.

म्हणून माझी विनंती अशी. सगळेच विकत घेऊ नका. वर्षभर जे पाहाल ते खुशाल स्ट्रीमिंगवर पाहा. पण त्यातले जे मुलांना पुन्हा दाखवावेसे वाटेल, ज्याच्यावर वर्गात बोलता येईल, ज्याने स्वतःच्या मनात काही उजेड पडला असेल, असे वर्षाकाठी एखादे निवडा, आणि त्याची तबकडी निघाली असेल तर मिळते आहे तोवर घेऊन ठेवा. शाळेच्या दप्तरात तिची नोंद करा. नाव, साल, कोणते रूप, कोणाकडून घेतली. शेजारच्या गावच्या शाळेने दुसरी घ्यावी, म्हणजे दोन्ही गावांना दोन्ही पाहता येतील. गावात कोणाच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी, ध्वनिफिती पडल्या असतील तर भंगारात देण्यापूर्वी एकदा पाहा. राजवाड्यांना दप्तरे मिळाली ती अशीच, आणि पुष्कळशी मिळाली नाहीत, कारण तोवर वाण्याकडे त्यांच्या पुड्या झाल्या होत्या.

आकाशवाणीवरचे भाषण बोलून झाले की हवेत विरते. ते पुढे कोणाला वाचता यावे, म्हणूनच ही पुस्तिका छापतात आणि तुमच्या हाती देतात. वाचून झाल्यावर ती शाळेच्या कपाटात ठेवा. शेजारी एखादी चांगली तबकडी ठेवायलाही जागा करा.